कैफियत आणि पुरावा : ईश्वरश्रद्धेच्या मराठी वादाचे परीक्षण

पुराव्यावाचून ईश्वर मानणे विवेकाला धरून आहे काय, या प्रश्नावर मराठीत सुमारे दीडशे वर्षे गंभीर लेखन होत आले आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, गोपाळ गणेश आगरकर, प्रा. दि. य. देशपांडे, डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर ही या वादातील ठळक नावे होत. एवढी शिदोरी गाठीशी असूनही रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील आपल्या जुन्या मराठी घरांत हा विषय निघाला की चर्चा फार पुढे जात नाही. वडीलधारी मंडळी ‘श्रद्धेला पुरावा मागू नये’ असे सांगून विषय मिटवतात, आणि नागपूर-पुण्यास शिकून आलेली नातवंडे ‘पुरावा नाही म्हणजे देव नाही’ असे म्हणून पानावरून उठतात. तर्काच्या दृष्टीने दोन्ही विधाने सदोष आहेत, आणि हेच दोष आपल्या थोर लेखकांच्या लेखनातही अधूनमधून आढळतात. त्या लेखनाचे परीक्षण करून वादाचा नेमका मुद्दा कोणता व त्यावर निर्णय काय देता येईल, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

आपल्यासारख्यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरीचा व्यवहार हिंदीतच आहे. अशा स्थितीत आपली मराठी बऱ्याच अंशी हरिपाठ, काकडा, आरत्या आणि खंजिरीवरची भजने यांच्या आधाराने टिकली. साहजिकच भक्तीला कोणी अविवेकी म्हटले की आपल्याला ते भाषेवर आणि पूर्वजांवर घातलेले घाव वाटतात. हे वाटणे समजण्यासारखे आहे, परंतु वादात ते उपयोगी पडत नाही. भजनाने भाषा टिकली, यावरून भजन उपयुक्त आहे एवढे ठरते. ज्याचे भजन केले तो आहे, हे त्यावरून ठरत नाही. उपयुक्तता आणि सत्यता यांची गल्लत टाळणे ही या चर्चेची पहिली अट मानली पाहिजे.

दुसरी अट शब्दांची. मराठीत ‘श्रद्धा’ हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ‘ईश्वर आहे’ असे मानणे ही एक गोष्ट, आणि ईश्वरावर भार टाकून जगणे ही दुसरी. पहिली म्हणजे वस्तुस्थितीविषयीचे विधान होय. ते खरे तरी असेल किंवा खोटे तरी. दुसरी ही वृत्ती आहे. तिला खेड्यातला माणूस ‘भरवसा’ म्हणतो. अर्थात, भरवसा ठेवणारा पहिले विधान गृहीत धरतोच, त्यामुळे या दोन गोष्टी अगदीच सुट्या करता येत नाहीत. तरीही त्या एकच नव्हेत. तुकोबांच्या गाथेत ईश्वराशी कडाक्याचे भांडण आहे. देवाला आपल्या हिशेबातून वजा करून टाकण्यापर्यंत ते जातात आणि पुन्हा त्याच्याच दाराशी येतात. ईश्वराचे अस्तित्व त्यांना भूमितीच्या प्रमेयासारखे सिद्ध झालेले वाटत असते तर या भांडणाला जागाच राहिली नसती. भरवसा हा संशयाबरोबर नांदू शकतो. ‘मला पक्के ठाऊक आहे’ असा दावा मात्र संशयाबरोबर नांदू शकत नाही. विवेकवादी लेखक बहुधा दाव्यावर टीका करतात आणि श्रद्धावान वाचक ती भरवशावर झालेली टीका समजून दुखावले जातात.

आता ‘पुरावा’ या शब्दाकडे वळू. प्रस्तुत लेखकाची हयात शासकीय नोकरीत, फायली, पंचनामे आणि जबाब यांत गेली, त्यामुळे या शब्दाचा कायद्यातील अर्थ त्याला अधिक परिचयाचा आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने वस्तुस्थितीच्या दोन नव्हे, तर तीन अवस्था सांगितल्या होत्या : शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेली. एखादी गोष्ट सुज्ञ माणसाने खरी धरून वागावे इतकी संभाव्य ठरली तर ती शाबीत. ती नाही असे धरून वागावे इतके ठरले तर नाशाबीत. आणि दोहोंपैकी काहीच ठरले नाही तर ती केवळ शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. ही त्रिविध विभागणी त्यातही कायम आहे. नातवंडांचे ‘पुरावा नाही म्हणजे देव नाही’ हे विधान तिसऱ्या अवस्थेला दुसरी अवस्था समजते. ‘नाही असे तरी कोणी सिद्ध केले?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रतिप्रश्न तिसऱ्या अवस्थेला पहिली समजतो. चूक एकच आहे, दिशा तेवढ्या वेगळ्या.

हा भेद इंग्रजी कायद्याने आपल्याला शिकविला, असेही समजण्याचे कारण नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजलि’त ईश्वराच्या सिद्धीसाठी प्रमाणांची मालिकाच उभी केली. घट आहे तर कुंभार असलाच पाहिजे, तसे जग हे कार्य आहे तर त्याचा कर्ता असला पाहिजे, हे त्यांतील सर्वांस परिचित अनुमान. त्यावर बौद्ध आणि मीमांसक यांचा आक्षेप असा की, कुंभार आपण पाहिलेला असतो, त्याला देह असतो. जगाचा असा कर्ता कोणीही पाहिलेला नाही, तेव्हा दृष्टान्त लागू पडत नाही. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मीमांसक हे वेदनिष्ठेत सर्वांहून कडवे. परंतु जगत्कर्ता ईश्वर त्यांनी मानला नाही, आणि तरी परंपरेने त्यांना आस्तिकांतच गणले. सांख्यांच्या सूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही असे म्हटले आहे. सोळाव्या शतकातील विज्ञानभिक्षूने त्यावर भाष्य करताना नेमके हेच दाखविले की, सूत्रकार ईश्वराची असिद्धी सांगतो, अभाव सांगत नाही. शाबीत न होणे आणि नाशाबीत होणे यांतील अंतर आपल्या पंडितांना चांगले ठाऊक होते. तात्पर्य, ईश्वराला पुरावा मागणे हे पाश्चात्त्य शिक्षणाचे खूळ आहे, हा आपल्याकडील आवडता आरोप आपल्याच दर्शनांच्या इतिहासापुढे टिकत नाही.

अर्वाचीन मराठीतील वादाचा आरंभ रानडे यांच्यापासून धरता येईल. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची वैचारिक बाजू मांडताना त्यांनी जो निबंध लिहिला, तो मराठीत ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ या नावाने प्रसिद्ध आहे. ‘कैफियत’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत प्रतिवादीच्या लेखी म्हणण्याला कैफियत म्हणतात. आपल्याकडील न्यायालयांत त्यालाच जवाबदावा म्हणतात. रानडे स्वतः न्यायाधीश होते. कैफियत म्हणजे निकाल नव्हे, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. ईश्वरनिष्ठेची बाजू मांडताना त्यांनी निर्णयाची भाषा न वापरता बाजू मांडणाऱ्याची भाषा वापरली, ही त्यांच्या विवेकाची खूण आहे. याहून महत्त्वाचे असे की प्रार्थना समाजाने अवतार नाकारले आणि कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत व अस्खलित असल्याचे अमान्य केले. म्हणजे ज्या दाव्यांना पुरावा देता येणार नाही आणि ज्यांच्या जोरावर दुसऱ्यांवर हुकमत चालविता येते, ते दावे समाजाने आपण होऊन सोडून दिले. एवढे सोडल्यावर जे उरले ती खरी ईश्वरश्रद्धा. आपले म्हणणे इतके छाटून मांडण्याचे धैर्य नंतरच्या श्रद्धावादी लेखकांत क्वचितच आढळते.

मात्र रानडे यांची मांडणी निर्दोष नाही. मानवी अंतःकरणाला ईश्वराची ओढ असते, या गोष्टीवर त्यांचा फार भर आहे. ओढ आहे हे खरे. पण तहान लागली यावरून पाण्याची गरज सिद्ध होते, समोर विहीर आहे हे सिद्ध होत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर. इतिहासात ईश्वरी हेतू पाहण्याच्या ओघात हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यही त्यांना ईश्वरी योजनेचा भाग वाटले. येथे रानडे कैफियतीची मर्यादा ओलांडतात. ईश्वरावर भरवसा ठेवणे वेगळे, आणि कोट्यवधी लोकांच्या पारतंत्र्यावर त्याच्या नावाची मोहोर उठविणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला पुरावा मागण्याचा त्या कोट्यवधींना पूर्ण अधिकार होता.

आगरकरांचे लेखन वाचताना मन आजही ताजे होते. १८८८ साली ‘सुधारक’ सुरू करून १८९५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्यांनी प्रत्येक रूढीला ‘कारण काय?’ हा एकच प्रश्न विचारला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी आपला प्रश्न मागे घेतला नाही. ईश्वराच्या बाबतीत त्यांची भूमिका अज्ञेयवादाची होती आणि मिल व स्पेन्सर यांची छाप तिच्यावर स्पष्ट दिसते. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात देवकल्पना मानवी मनात कशी उदयाला आली असावी याची उपपत्ती ते सांगतात. उपपत्ती म्हणून ती वाचनीय आहे, परंतु तिच्यावरून ईश्वर नाही असे अनुमान काढू गेल्यास ते चुकेल. कल्पनेचा उगम आणि कल्पनेची सत्यता या वेगळ्या बाबी आहेत. माणूस बोटांवर मोजता मोजता गणित शिकला असेल, म्हणून गणित बोटांपुरतेच खरे ठरत नाही. आगरकरांचे खरे सामर्थ्य या उपपत्तीत नसून केशवपन, बालविवाह यांसारख्या रूढींविरुद्धच्या त्यांच्या निबंधांत आहे. तेथे देवाधर्माच्या नावावर एका जिवाला शिक्षा भोगावी लागत होती, आणि शिक्षा देणाऱ्याने कारण दाखविलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह बिनतोड होता. शिवाय, ईश्वरावाचून नीती उरणार नाही, या भीतीला आगरकरांचे चरित्र हेच उत्तर आहे. तितके निःस्पृह जीवन जगणारे आस्तिक त्या काळी पुण्यात किती होते, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःशी विचारावा.

आगरकरांचा वारसा आपल्या शेजारच्या विदर्भात प्रा. दि. य. देशपांडे यांनी चालविला. अमरावतीस तत्त्वज्ञानाचे अध्यापन केलेल्या या विचारवंताने १९९० साली नागपुरातून मासिक सुरू केले, तेच पुढे ‘आजचा सुधारक’ या नावाने ओळखले गेले. त्यातील त्यांची ‘विवेकवाद’ ही लेखमाला म्हणजे स्वच्छ मराठी तात्त्विक गद्याचा नमुना होय. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे की, विश्वासाची मात्रा पुराव्याच्या प्रमाणात असावी; श्रद्धा म्हणजे पुराव्याविना ठेवलेला विश्वास; म्हणून श्रद्धा आणि अंधश्रद्धा हा भेद निरर्थक असून श्रद्धा तेवढी आंधळीच. आईवर, डॉक्टरवर, गाडीच्या चालकावर आपण पुरावा न मागता विश्वास टाकतो, तसाच देवावर टाकावा, हा आपल्याकडील कीर्तनात हमखास येणारा युक्तिवाद या कसोटीपुढे टिकत नाही, हे कबूल केले पाहिजे. आई आणि डॉक्टर यांच्यावरील विश्वासामागे अनुभवाचा मोठा साठा असतो. आपण संत्र्याची कलमे लावतो आणि फळासाठी काही वर्षे थांबतो, ती श्रद्धा नव्हे. शेजारची बाग फळताना पाहिलेली असते.

तथापि, दि. यं.चा नियम सर्वत्र लावता येत नाही. उद्याही निसर्ग कालच्यासारखाच चालेल, हे गृहीत धरल्याशिवाय अनुभवाचा पुरावा पुरावाच ठरत नाही. आणि ते गृहीत सिद्ध करावयास गेलो तर पुन्हा अनुभवाचाच आधार घ्यावा लागतो. ह्यूमने दाखविलेली ही अडचण दि. यं.सारख्या तत्त्वज्ञांना माहीत नव्हती असे नाही. अर्थात, निसर्गाच्या नियमिततेवर विसंबल्याविना कोणाचाच संसार चालत नाही, आणि ईश्वरावाचून अनेकांचा चालतो. त्यामुळे ईश्वरश्रद्धेला या अडचणीचा थेट फायदा मिळत नाही. इतके मात्र ठरते की, ‘प्रत्येक विश्वासाला पुरावा हवा’ हे सूत्र स्वतःच काही अपवाद पोटात घेऊन उभे आहे. मग अपवाद कोणते आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न विचारणे विवेकवादाशी विसंगत राहत नाही.

डॉ. लागू यांचा ‘परमेश्वराला रिटायर करा’ हा लेख अधिक गाजला. देवाच्या नावावर झालेल्या अत्याचारांविषयीचा त्यांचा संताप अस्सल आहे. पण दुरुपयोगावरून अभाव सिद्ध होत नाही. निवृत्त केलेला माणूस नाहीसा होत नाही, एवढे तरी प्रस्तुत लेखकास स्वानुभवाने सांगता येईल. गंमत बाजूला ठेवून पाहिले तर हे शीर्षक लागूंच्या युक्तिवादापेक्षा अधिक अचूक आहे. निवृत्त अधिकाऱ्याची सही चालत नाही. त्याच्या नावाने कोणी हुकूम काढू लागला तर तो अमान्य होतो. ईश्वराच्या नावाने काढलेले हुकूम यापुढे चालू नयेत, एवढाच शीर्षकाचा अर्थ घेतला तर रानडे यांच्या कैफियतीचा त्याला विरोध असण्याचे कारण दिसत नाही.

डॉ. दाभोलकर आणि लागू हे दोघे महाराष्ट्रभर एकाच व्यासपीठावरून बोलले. लागू ईश्वर नाकारीत. दाभोलकर सांगत की, अंधश्रद्धा निर्मूलन समिती ईश्वराविषयी तटस्थ आहे, तिचा विरोध शोषणाला आहे. या भूमिकेवर दोन्हीकडून टीका झाली. विवेकवाद्यांना ती तडजोड वाटली, सनातन्यांना ती छुपी नास्तिकता वाटली. परंतु वर सांगितलेली त्रिविध विभागणी ध्यानात घेतली तर ती सोयीची तडजोड नसून तर्कशुद्ध भूमिका होती, असे दिसेल. जे शाबीत झाले नाही आणि नाशाबीतही झाले नाही, त्याविषयी तटस्थ राहावे. जे त्याच्या नावावर दुसऱ्याकडून काही हिरावून घेते, त्याला जाब विचारावा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

या भूमिकेला तात्त्विक आधार कोणता, हे पाहण्यासाठी दोन पाश्चात्त्य निबंधांची तुलना उपयोगी पडते. इंग्रज गणितज्ञ क्लिफर्ड याने १८७६ मध्ये लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीत विश्वासाच्या नीतीवर निबंध वाचला. आपल्या पुरावा कायद्याचा मसुदा करणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याच सोसायटीचा सभासद होता. क्लिफर्डचा दृष्टान्त एका जहाजमालकाचा. जहाज जुने झाले आहे, दुरुस्ती खर्चाची आहे. मालक देवावर हवाला ठेवून मनातील शंका दडपतो आणि उतारूंनी भरलेले जहाज रवाना करतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो की मालक दोषीच. जहाज सुखरूप परतले असते तरी दोषीच, कारण तसा विश्वास धरण्याचा त्याला अधिकारच नव्हता. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये त्याला उत्तर दिले. जेथे निवड जिवंत, अटळ आणि आयुष्याला वळण देणारी आहे, आणि जेथे बुद्धीने निर्णय होणे शक्य नाही, तेथे अंतःकरणाच्या कौलाने चालण्याचा माणसाला अधिकार आहे, असे त्याचे म्हणणे. बर्ट्रांड रसेलने पुढे विचारले होते की, सूर्याभोवती एक चहाची किटली फिरते आहे आणि ती कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही असे मी म्हटले, तर ते खोटे पाडता येत नाही म्हणून मानावयाचे काय? प्रश्न मार्मिक आहे. पण त्या किटलीवर कोणाचे जगणे-मरणे, दुःख सोसणे, कर्तव्याला उभे राहणे अवलंबून नाही. जेम्सच्या अटी ती पुऱ्या करीत नाही. ईश्वराचा प्रश्न पुष्कळांच्या बाबतीत त्या पुऱ्या करतो.

क्लिफर्ड आणि जेम्स यांत निवड करण्याची खरे तर गरज नाही. जहाजमालकाचा गुन्हा तो देवावर विसंबला हा नव्हता. विसंबण्याची किंमत त्याने उतारूंकडून वसूल केली, हा होता. पुन्हा कायद्याकडे वळू. शाबितीचा भार कोणावर, याचे कायद्यातील तत्त्व असे की, जो न्यायालयाकडून आपल्या हक्काचा किंवा दुसऱ्याच्या दायित्वाचा निकाल मागतो, त्याने तो ज्या वस्तुस्थितीवर आधारलेला आहे ती शाबीत करावी. ज्याने दावाच लावला नाही, त्याच्यावर भार येत नाही. तुळशीपुढे दिवा लावणारी आजी कोणाविरुद्ध हुकूमनामा मागत नाही. तिच्यावर शाबितीचा भार टाकणे हे कामकाजाच्या नियमालाच सोडून आहे. परंतु तीच आजी ‘सुनेला दवाखान्यात नेऊ नका, अंगारा लावा’ असे म्हणाली, तर त्या क्षणी ती वादी झाली, आणि पुरावा देण्याचे दायित्व तिच्यावर आले.

ही कसोटी आपल्या परिसराला लावून पाहावी. सौंसरजवळच्या जामसावळीस पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला दूरदूरची माणसे येतात. मूर्तीच्या नाभीतून येणारे जल घेतल्याने व्याधी बऱ्या होतात असा समज आहे, आणि मनोविकारांनी पीडित झालेल्यांना तेथे मोठ्या आशेने आणले जाते. तेथे नमस्कार करून ज्याच्या मनाला उभारी येते, त्याच्याशी कोणी वाद घालण्याचे कारण नाही. पण ‘या जलाने वेड बरे होते’ हे विधान वैद्यकाच्या क्षेत्रातील आहे. गोळीची जशी परीक्षा होते तशीच त्याचीही झाली पाहिजे. रुग्णाची गोळी बंद करून त्याला तेथे ठेवणारा नातलग क्लिफर्डच्या जहाजमालकाच्या जागी उभा असतो. दर्शनही घ्यावे आणि औषधही चालू ठेवावे, असे सांगणाऱ्याची श्रद्धा यत्किंचितही उणी होत नाही.

पांढुर्ण्याच्या गोटमारीचे उदाहरण अधिक कठीण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरील माणसे एकमेकांवर दगड फेकतात. झेंडा मिळाला की तो चंडीमातेला अर्पण होतो. दरवर्षी शेकडो जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राण गेले. प्रशासनाने जमावबंदी केली, दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविले. उपयोग झाला नाही. प्रत्येक वेळी उत्तर मिळते ते श्रद्धेचे आणि परंपरेचे. येथे कोणी म्हणेल की, दगड खाणारा स्वेच्छेने उतरतो, मग हुकूमनामा कोणाविरुद्ध? परंतु डोळा गमावलेल्या मुलाचे आईबाप, काठावर केवळ पाहण्यास आलेला माणूस, यांनी संमती दिलेली नसते. चंडीमातेवरील भक्तीला पुरावा मागण्याचे कारण नाही. तिला रक्त हवे आहे, हे म्हणणाऱ्याला मात्र ते शाबीत करावे लागेल. शेंडगावच्या गाडगेबाबांनी हयातभर कीर्तने केली, धर्मशाळा बांधल्या, आणि त्याच कीर्तनांतून नवसाच्या पशुबळीवर प्रहार केले. ईश्वराच्या सिद्धीची चर्चा न करताही हा भेद त्यांना उमगला होता.

याच कसोटीने स्पृश्यास्पृश्यतेचाही निकाल लागतो. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार सत्याग्रहींना बंद राहिले. दार अडविणारे पुरावा दाखवू शकत नव्हते. दुसऱ्याचे माणूसपण नाकारणारा हुकूमनामा मात्र त्यांना हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी ईश्वरकल्पनेवाचून चालणारा बौद्ध धम्म स्वीकारला, ही घटना श्रद्धावानांनी आपल्या श्रद्धेचा जमाखर्च मांडताना विसरू नये. देवाने नव्हे, देवाच्या नावाने बोलणाऱ्यांनी ती माणसे गमावली.

भारतीय संविधानातही ही दोन टोके एकत्र नांदतात. अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगण्याचे कर्तव्य आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा सौंसरच्या दक्षिणेस राज्याची सीमा लागते तेथपासून पुढे चालतो, अलीकडे नाही. तथापि चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना प्रतिबंध करणारा १९५४ चा केंद्रीय कायदा दोन्हीकडे आहे, आणि संविधान तर आहेच.

तेव्हा निर्णय असा. पुराव्यावाचून ईश्वरावर भरवसा ठेवणे अविवेकी नाही. मात्र तीन अटी आहेत. भरवशाला पुराव्याचे नाव देऊ नये. त्याची किंमत दुसऱ्याला मोजावयास लावू नये. आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नये, कारण ज्या श्रद्धेला प्रश्नाचे भय वाटते तिने आपण ज्ञान असल्याचा दावा मनोमन केलेलाच असतो. या अटी पाळणाऱ्या आस्तिकात आणि प्रामाणिक नास्तिकात आचरणाच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही. अटी न पाळणारा नास्तिकही असू शकतो, हे नातवंडांनी ध्यानात ठेवावे : पुराव्याच्या अभावालाच पुरावा समजून आजीच्या दिव्याची टर उडविणारा, आपण जे शाबीत केले नाही त्याचा निकाल मागत असतो.

आपल्या घरांत ही चर्चा मराठीतच व्हावी, अशी इच्छा आहे. रानडे, आगरकर, दि. य., दाभोलकर यांची पुस्तके आपल्या वाचनालयात हरिपाठाशेजारी ठेवावीत आणि दोन्ही बाजूंच्या मंडळींनी आधी समोरच्या बाजूचे पुस्तक उचलावे. कैफियत वाचल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढा नियम पाळला तरी पानावरून कोणाला उठून जावे लागणार नाही.